जुन्या अमेरिकन वकील-पुढाऱ्याचं चरित्र लिहायचंय? आधी त्या नोंदीतले स्वल्पविराम फोडा

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन काँग्रेसमधल्या माणसांबद्दल वाचायला लागलं की वकीलच वकील भेटतात, आणि सगळ्यांची माहिती एकाच साच्यातून काढल्यासारखी असते. अमुक गावात जन्म, काही वर्षं शाळेत मास्तरकी, कायद्याचा अभ्यास, सनद, तमुक गावात प्रॅक्टिस, राज्याच्या विधिमंडळावर निवड, मग काँग्रेस, मग परत प्रॅक्टिस, मृत्यू, दफन. अमेरिकन काँग्रेसची स्वतःची बायोग्राफिकल डिरेक्टरी ऑनलाइन फुकट आहे, तिथली प्रत्येक नोंद अशीच आहे, आणि आपल्याकडे बरेच जण तीच उचलून मराठीत उतरवतात नि लेख झाला म्हणतात. वाचणारा तिसऱ्या ओळीत झोपतो त्यात त्याची काही चूक नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ती नोंद टाकून देऊ नका पण तिच्यावर थांबूही नका. त्या नोंदीतल्या प्रत्येक स्वल्पविरामाच्या मागे काहीतरी घडलेलं असतं, कुणीतरी काढून टाकलेलं असतं, पैसे पुरत नसतात, पक्ष फुटलेला असतो. तर करायचं काय, तर एकेका स्वल्पविरामाजवळ थांबून विचारायचं की हा गडी हे सोडून तिकडे का गेला, आणि त्याचं उत्तर कुठल्या कागदात मिळेल.

नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक माणूस धरून चालू. लायमन ट्रंबुल. १८१३ साली कनेक्टिकटमधल्या कोलचेस्टरला जन्म, १८९६ मध्ये शिकागोत मृत्यू, इलिनॉयचा सिनेटर १८५५ ते १८७३. गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा मसुदा ज्या सिनेट ज्युडिशियरी कमिटीतून आला तिचा हा अध्यक्ष. एवढं काम करूनही लिंकनच्या सावलीत राहिलेला, म्हणून सरावाला एकदम बेस्ट, कारण माहिती भरपूर आहे पण आयती शिजवलेली कमी आहे.

पहिलं काम, माणूस तोच आहे ना ते बघा. न्यू इंग्लंडमध्ये ट्रंबुल घराणी ढीगभर आहेत, कनेक्टिकटचा गव्हर्नर जोनाथन ट्रंबुल वेगळा, चित्रकार जॉन ट्रंबुल वेगळा, आणि इतिहासकार बेंजामिन ट्रंबुल हा तर आपल्या लायमनचा आजोबाच. जुन्या पेपरात पूर्ण नाव छापायची पद्धत फारशी नाही, 'ऑनरेबल एल. ट्रंबुल' किंवा 'जज ट्रंबुल' एवढंच येतं. म्हणून सर्च करताना नाव, आडनाव, हुद्दा, गाव असं सगळं उलटसुलट करून टाकायचं आणि एका कागदावर जन्म-मृत्यू-गावांची साधी टाइमलाइन आधी मांडून ठेवायची, पुढे प्रत्येक नवीन गोष्ट त्यावर ठेवून बघता येते.

आता 'कायद्याचा अभ्यास केला' या शब्दांवर या. लॉ कॉलेज डोळ्यासमोर आणू नका. तेव्हा बहुतेक जण एखाद्या चालत्या वकिलाच्या ऑफिसात बसून कायदा वाचायचे, ब्लॅकस्टोनच्या कॉमेंटरीज (इंग्रजी कायद्याचा जुना ग्रंथ) घोकायच्या, कागदांच्या नकला करायच्या, आणि मग न्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले वकील तोंडी प्रश्न विचारून सनद द्यायचे. त्यामुळे तुम्ही शोधायचं ते डिग्री नाही, तर कुणाच्या ऑफिसात बसला होता ते, कारण तो सीनियर पुष्कळदा पुढे राजकारणातला गॉडफादर ठरतो. ट्रंबुल जॉर्जियात ग्रीनव्हिल इथे शाळेत शिकवत होता, तिथेच कायदा वाचला, आणि मग इलिनॉयमधल्या बेलव्हिलला आला तो थेट माजी गव्हर्नर जॉन रेनॉल्ड्सच्या सोबत काम करायला लागला. नोंदीत मात्र बेलव्हिलला गेला एवढंच! नवख्या गावात नवखा वकील, पण टेबल माजी गव्हर्नरशेजारी, यावरून पुढचं बरंच काही कळतं.

पुढचा स्वल्पविराम, 'इलिनॉयचा सेक्रेटरी ऑफ स्टेट, १८४१ ते १८४३'. हे राज्य पातळीवरचं पद बरं का, वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याशी याचा काही संबंध नाही. आधी या खुर्चीत स्टीफन डग्लस होता, हो तोच, लिंकनचा पुढचा प्रतिस्पर्धी, तो राज्याच्या सुप्रीम कोर्टावर गेला म्हणून जागा रिकामी झाली. आणि १८४३ ला का संपलं? गव्हर्नर थॉमस फोर्डनं काढलं. राज्याच्या बँकेचं काय करायचं यावरून दोघांचं वाजलं होतं. म्हणजे नोंदीतली दोन वर्षं दिसायला शांत, आत हकालपट्टी. असल्या ठिकाणी नियम सोपा आहे, टर्म विचित्र जागी संपली असेल तर राजीनामा, हकालपट्टी, मृत्यू किंवा बढती यातलं एक काहीतरी आहेच, ते सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही.

वकिलीची बाजू लोक सर्रास सोडतात आणि मला वाटतं सगळ्यात मोठा तोटा तिथेच होतो. राजकारण हा त्या काळात पोट भरायचा धंदा नव्हता, पोट वकिलीवर चालायचं. त्यामुळे केसेस शोधा. राज्यांच्या सुप्रीम कोर्टांचे निकाल छापील खंडांमध्ये आहेत आणि बरेचसे स्कॅन होऊन नेटवर आलेत. अडचण फक्त ही की जुने खंड ते संपादन करणाऱ्या रिपोर्टरच्या नावानं ओळखले जातात, म्हणजे '२ गिलमन १' असं दिसलं तर गिलमन नावाच्या रिपोर्टरचा दुसरा खंड, पान १. हेच आता इलिनॉय रिपोर्ट्सचा ७ वा खंड म्हणूनही सापडतं. आणि नेमकं त्या पानावर काय आहे, तर जॅरट विरुद्ध जॅरट, १८४५. इलिनॉयमध्ये फ्रेंच वसाहतवाल्यांच्या काळापासून गुलाम ठेवलेले होते, नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स या कायद्यानं १७८७ मध्येच त्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी घातली होती तरी 'हे आमचे जुने' म्हणत त्यांच्या मुलाबाळांनाही गुलामच धरायचे. जोसेफ जॅरटनं आपल्याच मालकिणीवर मजुरीचे पैसे मागत दावा लावला, म्हणजे वरवर पगाराचा दावा आणि आत प्रश्न हा की मी गुलाम आहे की नाही. त्याच्या बाजूनं वकील होता ट्रंबुल, खाली हरले, वर सुप्रीम कोर्टात जिंकले. आता सांगा, वीस वर्षांनी तेरावी घटनादुरुस्ती सिनेटमध्ये मांडणाऱ्या माणसाच्या चरित्रात ही केस नसेल तर ते चरित्र कसलं?

पण म्हणून लगेच त्याला देव करू नका. याच ट्रंबुलनं १८५० च्या दशकात जाहीर भाषणात रिपब्लिकन पक्ष हा गोऱ्यांचा पक्ष आहे असं सांगितलेलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. गुलामगिरी नको पण बरोबरीही नको, असं म्हणणारे उत्तरेत ढिगानं होते. चरित्र लिहिताना यातलं एक लपवलं की दुसरंही खोटं वाटायला लागतं, तेव्हा दोन्ही तारखेनिशी ठेवा, वाचणारा बघून घेईल.

पैशांचा धागा पुढे न्या. ट्रंबुल १८४८ मध्ये इलिनॉय सुप्रीम कोर्टावर निवडून आला (तिथे तेव्हा न्यायाधीश मतदानानं निवडायचे), १८५२ ला नऊ वर्षांसाठी परत निवडून आला, आणि १८५३ ला राजीनामा. असं कोण करतं? तर राज्याच्या १८४८ च्या घटनेत न्यायाधीशाचा पगार वर्षाला १,२०० डॉलर असा ठोकून लिहिला होता, वाढवायची सोयच नाही, आणि घरात बायको-मुलं. बाहेर चांगला वकील याहून बरं कमवायचा. तुलनेला एक आकडा घ्या, १८५७ मध्ये लिंकननं इलिनॉय सेंट्रल रेल्वेकडून एकाच केसचे ५,००० डॉलर मिळवले, तेही कंपनीवर दावा लावून. एका केसची फी न्यायाधीशाच्या चार वर्षांच्या पगाराहून जास्त. हे आकडे शेजारी ठेवले की राजीनाम्याचं वेगळं स्पष्टीकरण द्यावंच लागत नाही.

जनगणनेचे तक्ते इथे फार उपयोगी पडतात. १८५० च्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव लिहायला लागले, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकी आकडे. १८५० मध्ये धंदा आणि स्थावर मालमत्तेची किंमत मिळते, १८६० आणि १८७० मध्ये जंगम मालमत्ता पण. दहा-दहा वर्षांनी माणूस वर गेला की खाली आला ते दोन मिनिटांत दिसतं. दक्षिणेतला पुढारी असेल तर १८५० आणि १८६० चे गुलामांचे वेगळे तक्ते बघितल्याशिवाय एक ओळही लिहू नका, तिथे मालकाचं नाव असतं आणि खाली माणसांची नुसती वयं, लिंग नि रंग. आणि १८९० ची शोधत बसू नका, तिचा बहुतेक भाग १९२१ ची आग आणि नंतरच्या विल्हेवाटीत गेला. तसंच शिकागोचं काही १८७१ च्या आधीचं कोर्टाचं रेकॉर्ड हवं असेल तर आधीच मन घट्ट करा, मोठ्या आगीत कोर्टहाउसच जळालं होतं.

आता सगळ्यात गमतीचा भाग, निवडणूक. इथे कॅलेंडर समजून घ्या नाहीतर तारखा कधीच जुळणार नाहीत. सिनेटरला लोक थेट निवडायचे नाहीत, राज्याचं विधिमंडळ निवडायचं, हे १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत चाललं. काँग्रेसची मुदत ४ मार्चला सुरू व्हायची पण पहिलं अधिवेशन साधारण डिसेंबरात. म्हणून ट्रंबुलच्या नोंदीत जे दिसतं की १८५४ ला हाउसवर (काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहावर) निवडून आला पण तिथे बसलाच नाही, ते गोंधळाचं नाहीये, बसायच्या आधीच तो सिनेटर झाला.

कसा झाला ते मात्र बघण्यासारखं आहे. ८ फेब्रुवारी १८५५, स्प्रिंगफील्ड. वर्षभरापूर्वी डग्लसनं कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणून नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट करून दिल्यानं डेमोक्रॅट पक्ष फुटलेला. लिंकन व्हिग, म्हणजे डेमोक्रॅटांच्या जुन्या विरोधी पक्षाचा, तो आघाडीवर. ट्रंबुल नेब्रास्काविरोधी डेमोक्रॅट, त्याच्याकडे फक्त ५ मतं. पण ते पाच जण हटेनात, व्हिगला मत देणार नाही म्हणजे नाही. फेरीमागून फेरी होत राहिली, लिंकनची मतं गळत गेली, आणि मधेच डेमोक्रॅटांनी गव्हर्नर मॅटेसनला पुढे केलं नि तो जिंकायच्या बेतात आला. तेव्हा लिंकननं आपल्या उरलेल्या लोकांना सांगितलं की ट्रंबुलला द्या. दहाव्या फेरीत ट्रंबुल ५१, मॅटेसन ४७. दुसऱ्या दिवशी लिंकननं काँग्रेसमन वॉशबर्नला पत्र लिहून सगळा हिशोब दिला, त्यात स्वतःची सुरुवातीची मतं ४४ लिहिलीत, काही पुस्तकांत मात्र ४५ छापलेली दिसतात. असा एकाचा फरक आला की घाबरू नका, आकड्यासोबत तो कुणी दिलाय तेही लिहून टाका.

याच निवडणुकीमुळे लिंकनच्या बायकोनं ट्रंबुलच्या बायकोशी मैत्री तोडली असं सगळीकडे वाचायला मिळतं. ट्रंबुलची बायको ज्युलिया जेन ही लिंकनच्या बायकोची, मेरी टॉडची, जिवाभावाची मैत्रीण, १८४२ ला मेरीच्या लग्नात करवली होती. असले किस्से टाकायला हरकत नाही, चरित्राला चव येते, पण ते मुख्य कारण म्हणून कशावर लटकवू नका. लिंकन आणि ट्रंबुल स्वतः पुढे एकत्र काम करत राहिले हे जास्त महत्त्वाचं.

आणि बसल्यावरसुद्धा सुखानं बसू दिलं नाही. इलिनॉयच्या घटनेत होतं की न्यायाधीशानं ज्या मुदतीसाठी निवडून आला ती आणि वर एक वर्ष संपेपर्यंत दुसरं पद घ्यायचं नाही. त्याची नऊ वर्षांची मुदत आठवतेय ना? विरोधकांनी तेच धरलं. सिनेटनं त्याची जागा कायम ठेवली, मुद्दा हा की सिनेटरची पात्रता अमेरिकेच्या घटनेत ठरलीय, राज्य त्यात आपली भर घालू शकत नाही. म्हणून राज्याची घटना पण चाळायची सवय ठेवा, कंटाळवाणी वाटते पण तिच्यात पगारही सापडला आणि हे भांडणही.

पक्षाचं लेबल लावताना फार जपून. ट्रंबुलला १८५५ पासून सरळ रिपब्लिकन म्हणायचा मोह होतो, पण इलिनॉयमध्ये तो पक्ष रीतसर उभा राहिला मे १८५६ मध्ये ब्लूमिंग्टनच्या मेळाव्यात. म्हणजे ते लेबल मागाहून चिकटवलेलं होईल. हा माणूस डेमोक्रॅट, मग नेब्रास्काविरोधी डेमोक्रॅट, मग रिपब्लिकन, १८७२ मध्ये लिबरल रिपब्लिकन (पक्षातून फुटलेला गट), मग परत डेमोक्रॅट (१८८० ला गव्हर्नरपदासाठी उभा राहून पडला), आणि म्हातारपणी शेतकरी-कामगारांची बाजू घेणाऱ्या पॉप्युलिस्ट पक्षाच्या बाजूनं. दलबदलू म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण प्रत्येक उडीच्या वर्षी देशात काय चालू होतं ते शेजारी लिहून बघा, निम्म्या वेळा पक्षच खालून सरकलेला असतो.

सिनेटमधलं काम बघायला काँग्रेशनल ग्लोब. १८३३ ते १८७३ ची भाषणं यात, त्यानंतर काँग्रेशनल रेकॉर्ड, आणि ग्लोब पूर्ण स्कॅन करून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहे. तीन-तीन कॉलमांची बारीक टाइपाची पानं, सरळ वाचत बसलात तर वर्ष जाईल. इंडेक्समध्ये माणसाचं नाव काढायचं, तिथून पान, आणि मागचं अपेंडिक्स विसरायचं नाही, कारण लांबलचक भाषणं तिकडे ढकललेली असतात. एक लक्षात ठेवा, सदस्य आपलं भाषण छापायच्या आधी सुधारून देऊ शकत होते, तेव्हा सभागृहात अगदी तसंच बोलला असं छातीठोक लिहू नका. ट्रंबुलसाठी तीन जागा उघडाच: तेरावी दुरुस्ती सिनेटमध्ये मंजूर झाली तो ८ एप्रिल १८६४ (३८ विरुद्ध ६), नागरी हक्क विधेयक जे त्यानं ५ जानेवारी १८६६ ला मांडलं, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सननं व्हेटो केलं आणि काँग्रेसनं एप्रिलमध्ये तो व्हेटो उडवून लावला, आणि १८६८ चा जॉन्सनवरचा महाभियोग.

महाभियोगाचं प्रकरण नीट लिहा कारण इथे बहुतेक लेख एका ओळीत आटोपतात. १६ मे १८६८, जॉन्सन दोषी म्हणणारे ३५, निर्दोष म्हणणारे १९, दोन तृतीयांशाला एक मत कमी. सात रिपब्लिकन आपल्याच पक्षाच्या विरोधात गेले त्यातला एक ट्रंबुल, तोच ज्याचं विधेयक जॉन्सननं दोन वर्षांपूर्वी फेटाळलं होतं! मग का दिलं मत? तुम्ही अंदाज बांधू नका, सिनेटर्सनी लेखी मतं दाखल केलीत आणि ती खटल्याच्या छापील कागदपत्रांत आहेत, ट्रंबुलचंही आहे. आधी ते वाचा, मग त्याच्यावर टीका करणाऱ्यांचं वाचा. त्याच सुमाराला तो मॅकार्डल केसमध्ये (लष्करानं पकडलेल्या एका दक्षिणेतल्या संपादकाच्या सुटकेचा खटला) सरकारच्या लष्करी बाजूनं सुप्रीम कोर्टात वकील म्हणून उभा होता आणि इकडे सिनेटमध्ये त्याच कोर्टाचा तो खटला ऐकायचा अधिकार काढून घेणारा कायदा मार्च १८६८ मध्ये पास झाला, तेव्हा ज्युडिशियरी कमिटीचा अध्यक्ष कोण, तर हाच. आजच्या डोळ्यांना हे भयंकर दिसतं, पण सिनेटरनं सुप्रीम कोर्टात फी घेऊन केस लढवणं तेव्हा रोजचंच होतं. डॅनियल वेबस्टरनं तर १८३३ मध्ये सिनेटर असताना बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सचा अध्यक्ष बिडलला पत्र पाठवून नेहमीचा रिटेनर (वकिलाला बांधून ठेवायची फी) अजून आला नाही म्हणून आठवण केली होती, तेही बँकेवरून काँग्रेसमध्ये रणकंदन चालू असताना. तेव्हा टीका करायची तर करा, पण त्या काळच्या लोकांनी काय टीका केली ती आधी शोधा.

पेपर वाचताना कायम जोडीनं वाचा. स्प्रिंगफील्डचा जर्नल व्हिग आणि नंतर रिपब्लिकन, रजिस्टर डेमोक्रॅट, आणि एकाच सभेला एकात जनसागर तर दुसऱ्यात मूठभर लोक. क्रॉनिकलिंग अमेरिका या साइटवर भरपूर पेपर आहेत, मशीननं वाचलेला मजकूर गचाळ असतो म्हणून आडनावाचं सर्च फेल गेलं तर तारीख धरून पान उघडा.

पत्रांचं सांगतो. ट्रंबुलचे कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत पण मुख्यतः त्याला आलेली पत्रं आहेत, त्यानं लिहिलेली कमी. हे बऱ्याच जणांच्या बाबतीत असतं, माणूस आलेली पत्रं जपतो, पाठवलेली दुसऱ्याच्या कपाटात जातात. मग समोरच्यांचे संग्रह बघायचे, लिंकनची पत्रं तर ऑनलाइनच आहेत. जुनी चरित्रं घेताना लिहिणारा कोण ते तपासा. ट्रंबुलचं १९१३ चं चरित्र होरेस व्हाइटनं लिहिलं, जो शिकागो ट्रिब्यूनचा संपादक होता आणि १८७२ च्या लिबरल रिपब्लिकन बंडात त्याच बाजूला होता. उपयोगी आहे, पत्रं भरपूर दिलीत, पण १८७२ चं प्रकरण त्याच्याच तोंडून घेऊ नका. काउंटी हिस्टरी नावाचे ते १८८० च्या आसपासचे जाडजूड ग्रंथ तर आणखी सांभाळून, पैसे भरणाऱ्याचं चरित्र छापायचे आणि मजकूर बहुतेक त्याच्याच घरून यायचा.

शेवटची वर्षं उरकू नका ही कळकळीची विनंती. सिनेट संपली की लेख 'नंतर शिकागोत वकिली केली' म्हणत संपवतात. ट्रंबुलच्या त्या 'नंतर' मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीचा निवाडा करणाऱ्या १८७७ च्या इलेक्टोरल कमिशनपुढे डेमोक्रॅट उमेदवार टिल्डनच्या बाजूचा युक्तिवाद आहे, आणि १८९५ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, पुलमनच्या रेल्वे संपातला कामगार पुढारी युजीन डेब्स याच्यासाठी वकील क्लॅरेन्स डॅरोच्या सोबतीनं सुप्रीम कोर्टात उभं राहणं आहे. कोर्टानं २७ मे १८९५ ला एकमतानं विरुद्ध निकाल दिला. पुढच्या वर्षी, जून १८९६ मध्ये, ट्रंबुल वारला, तेव्हा मृत्युलेख शिकागोचे आणि बाहेरचे दोन्ही काढा, डेब्सच्या केसला कोण किती ओळी देतं आणि कोण गाळतं ते मोजा, आणि मग प्रोबेट कोर्टाचे (मृत्युपत्र-वारसा बघणाऱ्या कोर्टाचे) कागद मिळतायत का ते बघा, कारण जनगणनेतला शेवटचा मालमत्तेचा आकडा १८७० चा आहे आणि पुढच्या पंचवीस वर्षांचा हिशोब फक्त तिथेच लागेल.